स्कॅनरने कोड दिला, आता दोष कोण शोधणार?

प्रश्न : आमच्याकडे बीएस-सिक्सची छोटी मालवाहू डिझेल गाडी आहे. कापूस, किराणा, कधी मंडपाचे सामान असे मुकुटबन, पाटण, वणी भागात भाडे मारतो. महिन्याभरापूर्वी मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. इंजिन थंड असले तरी रेडिएटरचा पंखा फिरत राहतो. मिस्त्रीने हातात मावेल एवढा स्कॅनर लावला. त्यावर पी ०११८ असा कोड आला आणि कूलंट सेन्सरच्या नावापुढे ‘हाय’ असे दिसले. इंजिन तापत असेल म्हणून आधी थर्मोस्टॅट काढून टाकला. मग सेन्सर नवा घातला. दिवा दोन दिवस गेला आणि पाटणच्या रस्त्यावर परत लागला. स्कॅनर खोटे सांगतो, की आम्हाला उगाच खर्चात पाडले जात आहे?
— एक वाचक, तालुका झरी जामणी, जिल्हा यवतमाळ

उत्तर : यंत्राने सेन्सरचे नाव घेतले, सेन्सर नवा बसवला आणि तरीही दिवा परत आला. तेव्हा यंत्र खोटे की मिस्त्री खोटा, असा तुमचा पेच आहे. पत्रावरून तरी दोघांपैकी कोणीच खोटे वाटत नाही. स्कॅनरने सांगितले ते खरेच होते. त्याचा अर्थ लावताना गडबड झाली, आणि ही गडबड वणी-पांढरकवड्यापासून पुण्या-मुंबईपर्यंत रोज होत असते. म्हणून जरा सावकाश उलगडून सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे, स्कॅनर इंजिन तपासत नाही. गाडीत ईसीयू नावाचा छोटा संगणक असतो. इंजिनावर जागोजागी बसवलेले सेन्सर त्याला तापमान, हवेचा दाब, डिझेलचा दाब, फेरे अशी माहिती विजेच्या रूपात पाठवत राहतात. यातली एखादी माहिती ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की ईसीयू तशी नोंद करतो आणि पिवळा दिवा लावतो. स्कॅनर ती नोंद वाचून दाखवतो, एवढेच. पोलीस ठाण्यात नोंदवलेली फिर्याद आणि न्यायालयाचा निकाल यांत जो फरक आहे, तोच कोड आणि दोष यांत आहे. फिर्यादीत ज्याचे नाव आले त्याला लगेच शिक्षा देऊन मोकळे व्हायचे नसते. आधी तपास करावा लागतो. तुमच्या गाडीच्या बाबतीत तपास राहून गेला.

हा पिवळा दिवा मुळात गाडीच्या मालकासाठी नव्हे, तर हवेसाठी आला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात धुराचा त्रास फार वाढला. तेव्हा तिथल्या हवा मंडळाने १९८८ च्या मॉडेलपासून गाड्यांनी आपल्या प्रदूषण-यंत्रणेतला बिघाड स्वतः ओळखावा, अशी सक्ती केली. त्या काळी प्रत्येक कंपनीचे सॉकेट वेगळे होते आणि काही गाड्यांत तर दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजून कोड ओळखावा लागे. १९९६ पासून अमेरिकेत सगळ्या मोटारींना एकाच आकाराचे, सोळा पिनांचे सॉकेट आणि एकसारखे कोड आले. भारतात बीएस-फोरबरोबर एप्रिल २०१० मध्ये हा नियम सुरू झाला, पण केवळ तेरा शहरांत. त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते, विदर्भातले एकही शहर नव्हते. बीएस-फोर देशभर लागू झाले १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-सिक्स १ एप्रिल २०२० ला. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक मिस्त्र्यांची अर्धी हयात स्कॅनरशिवाय गेली आहे. इंजिनाचा आवाज ऐकून नोजल ओळखणारा माणूस पडद्यावरच्या कोडवर जरा जास्तच विश्वास ठेवतो, हे आम्ही बरेचदा पाहतो. त्याच्या हुशारीत काही कमी नसते, हे यंत्र त्याच्याकडे उशिरा आले इतकेच.

आता तुमच्या कोडकडे वळू. कोडमधला पी म्हणजे इंजिन आणि गिअरचा विभाग. त्यानंतर शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना समान आणि एक असेल तर बहुधा त्या कंपनीचा खास. पी ०११८ हा समान कोड आहे आणि तो कूलंटच्या तापमान-सेन्सरच्या सर्किटविषयी आहे. इथे ‘सर्किट’ हा शब्द महत्त्वाचा. त्यात सेन्सर येतो, त्याचा कपलर येतो, दोन वायरी येतात आणि ईसीयूची पिनसुद्धा येते. या चारांपैकी कुठेही दोष असला तरी कोड हाच येणार.

आणि ‘हाय’ म्हणजे इंजिन तापले असे नाही. इथे हाय असते ते व्होल्टेज. खरी परिस्थिती तर नेमकी उलटी आहे. हा सेन्सर थंड असताना विजेला जास्त अडवतो आणि गरम झाला की कमी. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना त्याचा रोध सुमारे अडीच हजार ओहम असतो आणि ८० अंशांना सुमारे तीनशे. ईसीयू त्याला ५ व्होल्टची बारीक वीज देतो आणि सेन्सरपाशी किती व्होल्टेज उरले ते मोजतो. सेन्सर जितका थंड तितके व्होल्टेज जास्त. वायर तुटली तर रोध अमर्याद होतो, व्होल्टेज पूर्ण ५ वर जाते आणि ईसीयूला वाटते की बाहेर हाडे गोठवणारी थंडी आहे. अशा वेळी स्कॅनरच्या लाइव्ह डेटावर बहुतेक गाड्या उणे ४० अंश दाखवतात. मे महिन्यात झरीत पारा ४५ च्या आसपास असताना इंजिन उणे ४० असणे शक्य नाही. म्हणून तो आकडा दिसला की त्याचा अर्थ सरळ ‘वायर कुठेतरी सुटली आहे’ असा घ्यायचा. हा आकडा अविश्वसनीय आहे हे ईसीयूलाही ओळखता येते. म्हणून तो एक ठरीव तापमान धरून इंजिन चालवतो आणि खबरदारी म्हणून पंखा सतत फिरवतो. तुमचा पंखा थंड इंजिनावर फिरतो तो यामुळे.

दिवा दोन दिवस गेला आणि मग आला, ही गोष्ट तुम्ही ओघात लिहिली आहे. आमच्या दृष्टीने पत्रातली सर्वांत कामाची माहिती तीच. नवा सेन्सर बसवल्यावर मिस्त्रीने कोड पुसला असणार. पुसल्याने बिघाड जात नाही, फक्त नोंद कोरी होते. वायर पूर्ण तुटलेली असती तर चावी फिरवल्यावर थोड्याच वेळात कोड परत आला असता. दोन दिवस तग धरून खराब रस्त्यावर परत येणे याचा अर्थ जोड कधी लागतो, कधी सुटतो. कोळसा, सिमेंट आणि चुनखडीच्या ट्रकांनी आपल्याकडचे रस्ते कसे केले आहेत ते तुम्हाला सांगायला नको. त्या हादऱ्यांत इंजिनाच्या कडेला घासणारी वायर आतून तुटते, वरचे प्लास्टिक मात्र शाबूत दिसते. दुसरा संशयित उंदीर. कापूस-धान्य ठेवलेल्या कोठाराशेजारी गाडी उभी राहत असेल तर बॉनेटखालची उबदार जागा त्यांना फार आवडते. तिसरा संशयित कपलर, विशेषतः वॉशिंग सेंटरवर जोराच्या पाण्याने इंजिन धुतले असेल तर. पाणी आत राहून पिनांवर हिरवट थर चढतो.

हे शोधायला स्कॅनरबरोबर एक साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. व्होल्ट, अँपिअर आणि ओहम ही तीन मोजमापे एका पेटीत आणण्याची कल्पना ब्रिटनच्या टपाल खात्यातले अभियंते डोनल्ड मॅकॅडी यांची. त्यांचा एव्होमीटर १९२३ मध्ये बाजारात आला. आपल्याकडे नाशिकच्या मोटवाने कंपनीचे काट्याचे मीटर जुन्या इलेक्ट्रिशियनांच्या पेटीत अजून सापडतात. सेन्सरच्या कामाला मात्र डिजिटलच घ्यावा.

तपास असा करायचा. स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडून कूलंटचे तापमान पडद्यावर ठेवा. चावी ऑन, इंजिन बंद. सेन्सरचा कपलर काढला की आकडा उणे ४० वर जायला हवा. आता कपलरच्या दोन पिना बारीक वायरच्या तुकड्याने एकमेकींना जोडा. आकडा एकदम उलट टोकाला, १३० अंशांच्या वर गेला तर दोन्ही वायरी आणि ईसीयू या क्षणाला ठीक आहेत. आकडा उणे ४० वरच अडून राहिला तर दोष वायरींत किंवा ईसीयूच्या पिनेत आहे आणि नव्या सेन्सरचा खर्च वाया गेला आहे. (ही जोडणी दोन वायरींच्या तापमान-सेन्सरलाच करायची. तीन वायरींच्या सेन्सरला ५ व्होल्टचा थेट पुरवठा असतो. तिथे असे केल्यास भलतेच नुकसान होऊ शकते.)

वायरींत दोष निघाला तर कोणत्या, हेही मीटर सांगतो. कपलर काढलेला, चावी ऑन, मीटर डीसी व्होल्टवर ठेवून कपलरच्या दोन पिनांमध्ये मोजा. ५ व्होल्टच्या जवळपास आले तर वायरी शाबूत. काहीच आले नाही तर मीटरची काळी तार बॅटरीच्या निगेटिव्हला लावून लाल तार एकेका पिनेला लावून पाहा. एका पिनेवर ५ व्होल्ट आले तर सिग्नलची वायर चांगली आहे आणि अर्थची तुटली आहे. दोन्हींवर काही नाही, तर सिग्नलची वायर वाटेत तुटली आहे किंवा ईसीयूच्या पिनेतून वीजच येत नाही.

तुमचा जोड येतो-जातो आहे, म्हणून गाडी गॅरेजमध्ये उभी असताना सगळे ठीक दिसण्याचीच शक्यता जास्त. त्यावर उपाय म्हणजे एकाने पडद्यावर नजर ठेवायची आणि दुसऱ्याने सेन्सरपासून ईसीयूपर्यंत वायरींचा जुडगा वीत-वीत हलवत जायचे, कपलर दाबायचा, ओढायचा. ज्या जागी हात लावताच आकडा उडी मारेल, तिथे टेप सोडून पाहा. याला वेळ लागतो, आणि मिस्त्रीने या वेळेचे पैसे मागितले तर ते रास्त आहेत. सेन्सर बदलण्यापेक्षा हे काम जास्त कौशल्याचे आहे. जुना सेन्सर टाकला नसेल तर तोही तपासा. मीटर ओहमवर ठेवून सेन्सर गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवा. रोध हजारांतून सरळ उतरत शेकड्यांत आला तर तो चांगला आहे, जपून ठेवा.

थर्मोस्टॅट मात्र परत बसवा, आणि लवकर. ‘आपल्याकडच्या उन्हात त्याची गरजच नाही’ ही समजूत विदर्भात फार पसरली आहे आणि तिने बरीच इंजिने लवकर झिजवली आहेत. थर्मोस्टॅटचे काम इंजिनाला पटकन कामाच्या तापमानावर आणणे आणि तिथे ठेवणे हे आहे. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान तो उघडू लागतो. तो काढल्यावर पाणी सतत रेडिएटरमधून फिरते आणि इंजिन कोमटच राहते. त्यामुळे डिझेल जास्त जाते. बीएस-सिक्स गाडीत आणखी एक परिणाम होतो. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ असतो. त्यात साचलेली काजळी सुमारे ६०० अंशांना जाळून टाकावी लागते, आणि इंजिन पुरेसे गरम नसेल तर ईसीयू ते काम सुरूच करत नाही. मग काही आठवड्यांनी डीपीएफ भरल्याचा दिवा लागतो. आधीच्या दोषाशी त्याचा काही संबंध नसतो, पण मालकाला वाटते की गाडीच खराब निघाली. शिवाय इंजिन वेळेत तापत नाही अशी तक्रार नोंदवणारा पी ०१२८ हा वेगळा कोड आहे. तो कदाचित तुमची वाटच पाहत असेल.

कोणताही कोड आला तरी सेन्सरला हात लावण्याआधी बॅटरी आणि अर्थिंग पाहायचे, हा नियम आम्ही सगळ्यांना सांगतो. ईसीयूला वीज कमी मिळाली की तो असंबद्ध कोडांची माळ लावतो, आणि पाच-सहा वेगवेगळ्या सेन्सरांचे कोड एकाच वेळी आले तर बहुधा कारण हेच असते. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. सेल मारताना साडेनऊच्या खाली उतरू नये. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसले तर अल्टरनेटर ठीक. अर्थिंगसाठी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून सेल मारायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर अर्थची केबल किंवा तिचा नट गंजला आहे. हौद्यात धूळ आणि चिखल असलेल्या गाड्यांत हे सर्रास सापडते.

याच ओघात तीन जुन्या सवयींबद्दल बोलायला हवे, कारण त्या नव्या गाडीचे थेट नुकसान करतात. डायनामो चार्ज करतो की नाही हे पाहायला चालू इंजिनावर बॅटरीचा टर्मिनल काढणे ही पहिली. बॅटरी सुटताच व्होल्टेज उसळते आणि त्यात ईसीयू जळू शकतो. जे काम मीटर दहा सेकंदांत करतो त्यासाठी हा धोका कशाला? दुसरी, सेन्सरच्या वायरीला बल्बचा टेस्टर लावणे. त्या वायरींत काही मिलीअँपिअरच वीज असते आणि बल्ब त्याच्या कितीतरी पट ओढतो. हेडलाइट, हॉर्न, फ्यूज यांच्यासाठी तो टेस्टर उत्तम आहे, सेन्सरसाठी नाही. तिसरी, हौद्याचे वेल्डिंग करताना बॅटरी जोडलेलीच ठेवणे. आधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल काढा आणि वेल्डिंगची अर्थ कामाच्या जागेच्या अगदी जवळ लावा.

आणि फसवणुकीविषयी. गॅरेजमध्ये गेल्यावर कोड पुसण्याआधी पडद्याचा फोटो काढून घ्या. स्कॅनरमध्ये ‘फ्रीज फ्रेम’ नावाचे पान असते. दोष नोंदवला गेला त्या क्षणी गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, इंजिनावरचा भार किती होता ते त्यात जपलेले असते. तेही टिपून ठेवा. कोड पुसला की हे पानही जाते. फोटो हातात असला की पाटणहून वणीला दुसऱ्या कारागिराकडे गेलात तरी तपास पहिल्यापासून करावा लागत नाही. ‘कोड काय आला’ एवढेच न विचारता ‘मीटरने काय मोजले’ हेही विचारा. ज्याने मोजले आहे तो आनंदाने सांगेल.

प्रश्न : शेजाऱ्यांचा चाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर थंडीत सकाळी लवकर सुरू होत नाही. तोच स्कॅनर त्याला लावता येईल का?

उत्तर : नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. त्या ट्रॅक्टरवर ईसीयूच नसणार, मग वाचायचे काय? ट्रॅक्टरांचे प्रदूषण-नियम वेगळे आहेत. ५० हॉर्सपॉवरपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून कडक नियम लागू झाले आणि त्यांत ईसीयूवर चालणारी कॉमन रेल इंजिने आली. आपल्या भागात जास्त वापरले जाणारे लहान ट्रॅक्टर अजून यांत्रिक पंपावर चालतात. काही जण याला मागासलेपण समजतात. आम्हाला तसे वाटत नाही. असे इंजिन बांधावर उभे राहून पान्याने दुरुस्त होते.

इथे धूर पाहा. सेल मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे, पण पेटत नाही. तेव्हा हीटर, नोजल आणि कॉम्प्रेशन यांच्याकडे पाहायचे. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. फिल्टर चोंदला असेल किंवा पाइपमध्ये हवा शिरली असेल. इंजिन मुळात हळू फिरत असेल तर वर सांगितलेली बॅटरीची आणि अर्थिंगची मोजणी करा. डिसेंबरमध्ये बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल घट्ट होते, दोन्ही एकाच वेळी. नोजल तपासायचे हातपंपाचे टेस्टर आणि कॉम्प्रेशन गेज वणी किंवा पांढरकवड्याच्या चांगल्या डिझेल-पंपवाल्याकडे मिळतील. तीही हातातली यंत्रेच, फक्त त्यांना वीज लागत नाही.

प्रश्न : मोबाइलला जोडणारा छोटा स्कॅनर ऑनलाइन मिळतो. तो घरी घेऊन ठेवावा का? आणि त्याच सॉकेटमध्ये लावायचे, मायलेज वाढवणारे उपकरणही दिसते. ते खरे आहे का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : ते घेऊ नका. त्या सॉकेटमध्ये बसून इंजिनाचे मापन शिकणारे आणि डिझेल वाचवणारे म्हणून जे विकले जाते, त्यांतली काही उपकरणे अभियंत्यांनी उघडून पाहिली आहेत. आत दिवे लुकलुकवणारे सर्किट निघाले. गाडीच्या संगणकाशी ते एक अक्षरही बोलत नव्हते. मायलेज हवे असेल तर एअर फिल्टर साफ ठेवा. आपल्या भागातल्या धुळीत त्याचा परिणाम प्रत्यक्ष दिसतो.

मोबाइलचा स्कॅनर मात्र कामाचा आहे. यातले बरेचसे ईएलएम ३२७ नावाच्या चिपवर किंवा तिच्या नकलेवर चालतात. मूळ चिप एका कॅनेडियन कंपनीची, बाजारातल्या स्वस्त वस्तू बहुधा नकला. नकलेतली खोट अशी की काही गाड्यांशी ती बोलतच नाही, किंवा आकडे उशिरा दाखवते. म्हणून आपल्याच मॉडेलच्या गाडीवर चालवून पाहिलेल्याकडून विचारून घ्यावा. त्याने कोड वाचता येतात, लाइव्ह डेटा पाहता येतो, कोड पुसता येतो. नवी चावी गाडीला ओळखून देणे, नवीन इंजेक्टरचा क्रमांक ईसीयूत भरणे, डीपीएफची काजळी मुद्दाम जाळायला लावणे ही कामे त्याच्याकडून होत नाहीत. त्याला कंपनीचा किंवा महागडा व्यावसायिक स्कॅनर लागतो. गॅरेजवाला ‘स्कॅनिंग’चे जे पैसे घेतो त्यात त्या यंत्राचा आणि त्याच्या दरवर्षीच्या अपडेटचा खर्च असतो.

सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ सापडेल. वापर झाला की स्कॅनर काढून ठेवा. सॉकेटमध्ये बॅटरीची वीज चावी बंद असतानाही येते, त्यामुळे गाडी आठवडाभर उभी राहिली तर लावून ठेवलेला स्कॅनर बॅटरी उतरवू शकतो. मोटारसायकलला हा थेट लागेलच असे नाही. बीएस-सिक्स दुचाकीत ईसीयू असतो, पण अनेक कंपन्यांनी लहान, वेगळ्या आकाराचे सॉकेट दिले आहे आणि त्याला जोडवायर लागते.

घरात हे यंत्र असण्याचा खरा फायदा घाबरणे कमी होण्यात आहे. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर भाडे पूर्ण करून गॅरेजला जाता येते. पेट्रोल गाडीत तोच दिवा लुकलुकत असेल तर मात्र सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जात आहे आणि तिथला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळेल. वेग कमी करा आणि थांबा. ऑइलचा लाल दिवा लागला तर स्कॅनर शोधत बसू नका, तिथेच इंजिन बंद करा. दाब नसताना इंजिन काही मिनिटांत जाम होते.

प्रश्न : मुकुटबनला सिमेंटच्या फेऱ्या मारणारा आमचा ट्रक आहे. डीईएफचा दिवा लागून गाडी ताकद कमी करते. सेन्सर बदलायला सांगत आहेत. शेतातला युरिया पाण्यात मिसळून डीईएफ करता येतो असेही ऐकले.

उत्तर : शेतातला युरिया कृपा करून टाकू नका. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षाररहित पाणी. धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे त्याने नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होते. शेतीच्या युरियाला २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. तो पिकाला चांगला, कारण त्यातले नत्र हळूहळू मिळते. ट्रकच्या कॅटॅलिस्टवर तेच तेल आणि विहिरीच्या पाण्यातले क्षार थर धरतात आणि मग सेन्सरच्या कितीतरी पट खर्च निघतो.

सेन्सर बदलण्याआधी टाकीतले डीईएफ तपासून घ्या. साखरेच्या द्रावणाची घनता पाहतात तसे एक हातात मावणारे काचेचे यंत्र असते, रिफ्रॅक्टोमीटर. त्यावर दोन थेंब टाकले की युरियाचे प्रमाण कळते. ते ३२.५ च्या आसपास नसेल तर सेन्सर खरे बोलत आहे. टाकी रिकामी करून धुवा आणि सीलबंद, आयएसओ २२२४१ लिहिलेले डीईएफ भरा. कॅन उन्हात ठेवू नका, उष्णतेने ते लवकर खराब होते. प्रमाण बरोबर निघाले तर मग फवारणीच्या नोजलवर पांढरे स्फटिक जमले आहेत का ते पाहा, ते कोमट पाण्याने विरघळतात. यानंतरही दिवा राहिला तरच सेन्सर आणि त्याची वायर मीटरने मोजा. आणि एक काळजी घ्या : ट्रकची बॅटरी २४ व्होल्टची असते. मोटारीसाठी घेतलेला स्कॅनर ट्रकला लावण्याआधी त्याच्या पाठीवर २४ व्होल्ट चालतात असे लिहिले आहे का ते वाचा. लिहिले नसेल तर लावू नका.